तबकडीची आंघोळ

माझा देवावर राग होता, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणी मला मोठी भक्त समजायला नको. होळीच्या सुमारास आमच्या यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. घरी आणून पाच महिने होत आले तरी तोंडातून एक शब्द नाही. बरं, शब्द नाही तर नाही, उमेद तरी असावी ना! बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, गोड पोर. ती 'आ' म्हणा, 'पा' म्हणा करून थकायची आणि हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पुढे पुढे तर चमचा समोर धरला की ओठ घट्ट. एक दिवस दारात चप्पल घालता घालता ती हळूच म्हणाली, "काकू, काकांना जमणार नाही असं नाहीये. त्यांना आता काही करायचंच नाहीये." माणूस आजारानं जातो तो वेगळा आणि आपल्या डोळ्यांदेखत स्वतःहून पाठ फिरवून जातो तो वेगळा. त्या गुरुवारी मी दत्ताच्या तसबिरीपुढे उभी राहिले आणि मनात म्हटलं, इतकी वर्षं तुझं केलं, त्याचं हे फळ? निरांजन न लावताच मी आत निघून गेले.

गुरुवार म्हणजे आमच्याकडे एका रेकॉर्डचा दिवस असे. हे तरुणपणी पेठेतल्या एका भजनी मंडळात टाळ वाजवायचे. त्या मंडळाची एक छोटी तबकडी निघाली होती, दोन्ही बाजूंना दत्ताचं एकेक पद. मोजक्याच प्रती निघाल्या, ओळखीपाळखीत वाटल्या गेल्या आणि संपल्या. पाकिटावर बुवांचं नाव होतं, पेटीवाल्यांचं होतं, तबलजींचं होतं. टाळकऱ्यांची नावं कोण छापतंय! पण यांची एक खूण त्या रेकॉर्डवर राहून गेली. दुसऱ्या बाजूचं पद संपताना सगळे एकदम थांबतात. हे मात्र डोळे मिटून इतके रंगलेले, की सगळे थांबल्यावर यांचा एक टाळ एकटाच वाजला. खण्ण! स्टुडिओची वेळ संपली होती, पुन्हा गाऊन घ्यायची सोय नव्हती, तेव्हा राहिलं ते राहिलं. बुवा म्हणे आठवडाभर यांच्याशी बोलले नाहीत. माझं लग्न होऊन मी आले तेव्हापासून दर गुरुवारी आरतीआधी ती रेकॉर्ड लागायची. शेवटचा तो टाळ आला की हे कपाळावर हात मारून म्हणायचे, "चुकलं!" आणि मी म्हणायची, "सगळं जग थांबलं तरी तुमचं आपलं चालूच!" हा आमचा ठरलेला संवाद. त्याशिवाय आरती सुरू व्हायची नाही.

आता माझी करणी सांगते. यांचा टाळ ज्या वस्तूत आहे ती नुसती वस्तू कशी, म्हणून मी नवी नवरी असतानाच त्या रेकॉर्डची पूजा सुरू केली. दर गुरुवारी लावायच्या आधी तिला बोटानं हळद-कुंकू. दसऱ्याला फूल, आपट्याचं पान, ओवाळणं. फुलवाती करताना तुपाचे झालेले हात तसेच तिला लागायचे, आणि उदबत्तीचं घर तिच्या शेजारीच. सांडलेलं कुंकू मी पदरानं पुसायची. पुसायची कसली, चोपडायची! चाळिसावर वर्षं हा नेम मी एकदाही चुकवला नाही आणि त्याचा मला केवढा अभिमान होता.

आवाज हळूहळू बसत गेला. वय झालं तिचं, असं आम्ही म्हणायचो आणि हे हसून म्हणायचे, "आपलं कुठे राहिलंय!" तो शेवटचा टाळ नेमका कधी ऐकू येईनासा झाला, आणि यांनी कपाळावर हात मारायचं कधी सोडलं, ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. घरात असं होतं खरं. माणूस एखादी गोष्ट म्हणायची बंद करतो आणि आपण आपले कुकरच्या शिट्ट्या मोजत असतो.

व्यायामवाल्या मुलीनं सुचवलं, काकांच्या आवडीचं काहीतरी ऐकवून बघा. मी लगबगीनं रेकॉर्ड लावली. कापसाच्या गादीखालून कुणी गावं तसा आवाज. बुवा कुठले, पेटी कुठली, नुसती खरखर. यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं, क्षणभर कान दिला, आणि डाव्या हातानं खूण केली: बंद कर. पुन्हा भिंत. मला वाटलं, उरलेलं एक दार होतं, तेही लागलं. मुलगा खराडीला नोकरी करतो, रविवारी येतो. त्यानं फोनवर ते सगळं भरून घेतलं, कुणा मित्राकडून साफ करून आणायचा प्रयत्न केला. पुढच्या रविवारी म्हणाला, "आई, आवाज साफ करायला मुळात खाली आवाज सापडायला पाहिजे ना गं." बिचारा तोंड पाडून बसला. त्यालाच मी धीर दिला, आणि मला धीर द्यायला होतं कोण?

श्रावणातल्या एका सकाळी शेजारच्या वहिनींना यांच्यापाशी बसवून मी ती रेकॉर्ड पिशवीत घातली आणि स्वारगेटवरून बस धरून गावात गेले. जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाचा पत्ता मिळाला होता. दुकानदारानं रेकॉर्ड पिशवीतून पुरती काढलीही नाही. म्हणाला, "आजी, संपलीये ही. भिंतीवर लावा शोभेला." तिथून निघाले ती कसब्यातल्या गल्ल्यांतून कुठे चालले होते मलाच ठाऊक नाही. मारुतीच्या एका लहानशा देवळाची पायरी दिसली, तिच्यावर बसले. समोर तांबटांची घरं. पाऊस नुकताच थांबून ऊन पडलं होतं, ओल्या फरशीतून वाफ निघत होती आणि आतून तांब्यावर हातोड्या पडत होत्या. एक जवळ, एक लांब, एक मधूनच. मला गुंगी आली. झोप म्हणावी तर डोळे उघडे होते. त्या ठोक्यांना हळूहळू लय आली, लयीत टाळ आले, टाळांत कुठूनसे बुवांचे सूर आले, आणि मी आमच्या जुन्या बिऱ्हाडात, ओल्या केसांनी, परकराची नाडी आवळत फुलं निवडते आहे असं मला अगदी स्पष्ट वाटायला लागलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग जेवायची वेळ झाली असावी. सगळ्या हातोड्या एकदम थांबल्या. आणि त्या शांततेत एकच ठोका एकटा पडला.

ठण्ण!

मी दचकले. समोरच्या दारात एक म्हातारा तांबट हातोडी हातात धरून बसला होता, आपल्याच नादात. माझं लक्ष बघून त्यानं पिशवीकडे बोट केलं. "काय, तबक आणलंय का ठोकायला?" मी रेकॉर्ड दाखवली. काय झालं ते सांगायला लागले तर त्यानं हात हलवला. "मोठ्यानं बोला. ठोकून ठोकून दोन्ही कान गेलेत." घ्या! आख्ख्या पुण्यात माझं गाऱ्हाणं ऐकायला देवानं बहिरा गाठून दिला. मी ओरडून ओरडून सांगितलं. त्यानं रेकॉर्ड उन्हात तिरकी धरली, एखादं भांडं पारखावं तशी सावकाश फिरवली. कान होते तेव्हा त्याच्याकडेही पुष्कळ रेकॉर्डी होत्या म्हणे. मग ओल्या फडक्याचं टोक तिच्या कडेला हलकेच टेकवून मला दाखवलं. फडकं लाल झालं होतं.

"थोडी झिजलीये. तेवढं काही परत यायचं नाही," तो म्हणाला. "पण बाकीची झिजलेली नाही, माखलीये. हे लाल काय?"

"कुंकू," मी म्हटलं.

"धुऊन टाका."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, जीभ आवरा! माझा नवरा अंथरुणाला खिळलाय आणि तुम्ही मला कुंकू धुवायला सांगता?" त्याला ते ऐकूच गेलं नाही, म्हणून तेच मला दुप्पट आवाजात परत म्हणावं लागलं. दोन घरांतून माणसं डोकावली. तो काही रागावला नाही. त्यानं हातोडी खाली ठेवली.

"घरात देव असतील ना? सकाळी पहिलं काय करता त्यांचं?"

"आंघोळ घालते."

"आणि कालचं कुंकू?"

"ते... धुतलं जातं."

"मग हिला आंघोळ कधी घातली होतीत?"

मला, जिचं तोंड उभ्या जन्मात कुणाला बंद करता आलं नाही, तिला एका वाक्यात गप्प केलं त्यानं. इतकी वर्षं कुंकवावर कुंकू चढवत गेले आणि त्याखाली गाणारे कधी बुजले ते मी बघितलंच नाही. उठताना त्यानं मला एक तांब्याची वाटी दिली. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर ही उपडी दाबून धरा, कागदाला पाणी लागू देऊ नका, रिठ्याचं कोमट पाणी घ्या, जुनं मऊ धोतर घ्या, रेघ जाते तसा हात न्या, आडवा नको. एवढं सांगून तो जेवायला आत गेला.

घरी आले खरी, पण दोन दिवस माझा हात होईना. मन फार वाईट असतं हो. शिकलीसवरलेली मी, पंचवीस वर्षं शाळेत पोरांना गणित शिकवलेली, पण कुंकू धुतलं आणि यांना काही झालं तर, हा किडा डोक्यातून जाईना. शेवटी गुरुवारी सकाळी देवांची आंघोळ झाली आणि त्याच पाटावर मी परात मांडली. रिठ्याचा वास आला, लहानपणीच्या न्हाण्याचा. वाटी दाबून धरली आणि यांच्या जुन्या धोतराचा तुकडा रेघेरेघेनं फिरवायला लागले. पाणी आधी गढूळ झालं, मग गुलाबी, मग लाल. ते लाल पाणी बघितलं आणि एकाएकी मी भांडायची थांबले. म्हटलं, दत्ता, हे कुंकू मी लावलं होतं, ते तुझ्या पाण्यात सोडते. यांना ठेवायचं की न्यायचं, तूच बघ. मी धरून धरून दमले रे. असं म्हटलं आणि मोठ्यानं रडले. किती महिन्यांनी रडले असेन. मग तिसरं पाणी घेतलं, ते स्वच्छ निघालं. परातीतलं सगळं पाणी तुळशीला घातलं.

रेकॉर्ड सुकायला दुपार झाली. यांच्या खोलीतच रेकॉर्डचं यंत्र आणून ठेवलं होतं. पडदा ओढलेला, त्यातून पिवळसर उजेड आत येत होता. मी सुई टेकवली. पहिल्यांदा थोडी खरखर झाली, ती राहणारच होती, आणि मग पेटीचा भाता भरल्याचा आवाज आला. भाता! सूर नंतर आला, आधी हवा आली. बुवांनी घसा साफ केला तो मला ऐकू आला. टाळ एकेक वेगळे वाजत होते, जणू आमच्याच खोलीत चटईवर माणसं येऊन बसली होती आणि त्यांच्या सदऱ्यांना अत्तराचा वास होता. मी हलले नाही, श्वाससुद्धा बेताबेतानं घेत होते. यांच्याकडे बघायची मला भीती वाटत होती. पद चढत गेलं, चढत गेलं, आणि सगळे एकदम थांबले.

खण्ण!

माझ्या मागून, खूप लांबून, वाळूत रुतलेली गाडी ओढावी तसा एक आवाज आला. "चु... क... लं."

मी वळून बघितलं. हे भिंतीकडे नव्हते, माझ्याकडे बघत होते. डावा हात उचलून कपाळापर्यंत न्यायची धडपड चालली होती. तो हात मी धरला आणि यांच्या कपाळाला लावला. माझ्या तोंडून मात्र आमच्या संवादातलं माझं वाक्य काही केल्या निघेना. त्या संध्याकाळी यांनी वाटीभर मऊ भात खाल्ला, आणि आणखी मागितला.

डॉक्टर म्हणाले, गेलेली वाचा कधी कधी अशी परत येऊ लागते, मेंदूचं काही सांगता येत नाही. असेल. त्यांच्याशी वाद घालायला मी काही जात नाही. कसब्यातली हकीकत ऐकली की बायका डोळे मोठे करून विचारतात, परत गेलात तेव्हा तो तांबट तिथे नव्हताच ना? होता की! चांगला मांडी घालून चहा पीत होता. मी बेसनाचे लाडू पुढे केले आणि हे बोलल्याचं ओरडून सांगितलं. त्यानं लाडू घेतला, चाखला, आणि विचारलं, "माझी वाटी आणलीत का?" मी त्याच्या पाया पडले, तर अंग चोरून मागे सरकला. देव असाही भेटतो, कामाच्या घाईत आणि जरा तुसडा.

हे आता थोडं थोडं बोलतात. शब्द अडखळतात, काठी धरून चार पावलं चालणं होतं, पुढचं दत्ताला ठाऊक. माझा नेम चालू आहे, फक्त आधी आंघोळ आणि मग कुंकू, तेही यंत्राच्या लाकडी झाकणाला, टिकलीएवढं. पूर्वी मी देवापुढे कायम काहीतरी चढवत असायची, नेम, उपास, मागण्या, आणि वरून गाऱ्हाणं की तो बोलत का नाही. आता गुरुवारी नुसती बसते आणि ऐकते. पद संपतं, सगळे थांबतात, तो टाळ एकटाच वाजतो. हे डावा हात कपाळाला लावतात आणि म्हणतात, "चुकलं." आणि मी म्हणते, "असू दे हो. वाजू दे."