कुंभकोणमचा शिक्का

मिरजेच्या स्टेशनावर गाडी सुटायला पाच मिनिटं होती. माझी आई खिडकीच्या गजांतून पाण्याची बाटली आत देत म्हणाली, "पोचल्याचं पत्र टाक गं." तिच्या दुसऱ्या हातात फोन होता. बंगळूरला गाडी बदलेपर्यंत त्या फोनवर आमचं चार वेळा तरी बोलणं होणार होतं. पण घरातून कुणीही निघालं की हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप यायचं, तसं तेव्हाही आलं. मला हसू आलं. माझी आठ वर्षांची ईरा मात्र हसली नाही. ती खिडकीतून हात बाहेर काढून सान्वीचा, तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचा, हात धरून बसली होती.

"मी पण पत्र टाकीन," ती सान्वीला म्हणाली. "तू उत्तर देशील ना?"

सान्वीनं जोरात मान हलवली. गाडी हलली तरी ती मान हलवतच होती.

अजितची, माझ्या नवऱ्याची, बँकेतून कुंभकोणमला बदली झाली होती. सांगली सोडून इतक्या लांब जायचं माझ्या मनात नव्हतं, पण दोन घरं करून राहायचंही नव्हतं. मी माझी शिकवणीची मुलं दुसऱ्या बाईंकडे सोपवली आणि निघाले. गाव सोडून गेलेल्या प्रत्येकाला ते पहिले दिवस ठाऊक असतील. सामान लागतं, गॅस मिळतो, शाळेत नाव घालून होतं, आणि मग एका सकाळी भाजीवालीसमोर उभं असताना लक्षात येतं की आपल्याला दुधी मागता येत नाही. मी बोट दाखवलं. तिनं शेजारचं पडवळ उचललं. मी तेच घेऊन घरी आले आणि ओट्याशी उभी राहून रडले. दुधीला सुरैक्काय म्हणतात हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

ईरा रडली नाही, पण ती बोलायची कमी झाली. शाळेत तिला 'हिंदी' म्हणायचे. आपण हिंदी नाही, मराठी आहोत, हे सांगण्याइतकं तमिळ तिला येत नव्हतं. मग मीच म्हटलं, "चल, सान्वीला पत्र लिहू." पोस्टातून कार्डं आणली. रविवारी सकाळी ती पोटावर पालथी पडून लिहायची. इथली कॉफी पितळेच्या वाटीत ओतून देतात, देवळाच्या तळ्यात मासे आहेत, बाई 'ळ' निराळा काढतात. कार्ड पेटीत टाकलं की दुसऱ्या दिवसापासून ती उत्तराची वाट बघायला लागे.

शेजारच्या घराच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडेच्या ओट्यावर, एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई बसलेल्या असत. एकदा मी ईराला जरा मोठ्यानं हाक मारली, तर त्या चटकन वळून म्हणाल्या, "तुम्ही मराठी कीं?"

त्या तुळजाबाई. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले. घराबाहेर तमिळ, घरात ही जुनी मराठी. सगळी नोकरी त्यांनी टपाल खात्यात केली होती. ईरा मला हळूच म्हणाली, "ह्या आजी इतिहासाच्या पुस्तकासारखं बोलतात." पण पोस्टमन दिसला की गल्लीतली माणसं 'तबाल' म्हणतात, तो आपलाच टपाल शब्द आहे, हे त्यांनी सांगितलं तेव्हा ईरा कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. मग ती रोज त्यांच्याकडे जाऊ लागली. त्या तिला 'पापा', म्हणजे तमिळमध्ये बाळ, म्हणत आणि जुनी पाकिटं दाखवत. "शिक्का पाहावा आधीं, पापा. पत्र कोठून आलें, तें शिक्का सांगतो."

सहा कार्डं गेली. उत्तर एकाचंही नाही. मी सान्वीच्या आईला फोन केला. ती ओशाळून म्हणाली, "अगं, सगळी मिळाली. रोज लिहिते म्हणते आणि राहतंच." ईरा शाळेतून आली की आधी दारामागची पेटी उघडून बघायची. रिकामी दिसली की पेटीचं झाकण हळूच लावायची. ते हळूच लावणं मला बघवेना.

म्हणून मी एक वाईट काम केलं. अंतर्देशीय पत्र आणलं आणि डाव्या हातानं, सान्वीच्या नावानं, उत्तर लिहिलं. तुझी खूप आठवण येते, बाकावर तुझी जागा रिकामी आहे, वगैरे. भाजीला जाताना ते रस्त्यावरच्या टपालपेटीत टाकलं. तिसऱ्या दिवशी पत्र आलं. ईरानं ते उभ्या उभ्या वाचलं, दोनदा उडी मारली आणि तुळजाबाईंना दाखवायला पळाली.

ती परत आली ती चालत. पत्र माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "आई, सान्वी कुंभकोणमला आली होती?"

मला आधी कळलंच नाही. मग तिनं शिक्क्यावर बोट ठेवलं.

मला काहीतरी रचून सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण ती माझ्याकडे इतकं सरळ बघत होती की मी म्हटलं, "नाही. ते मी लिहिलं."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "सान्वी कधी 'वगैरे' लिहीत नाही."

त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. रविवार आला, पण तिनं कार्ड मागितलं नाही. लिहायला मीच लावलं होतं आणि मीच ते खोटं करून टाकलं होतं. अजित म्हणाला, "लहान आहे, विसरेल." मला ते पटेना. मी तुळजाबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पुढ्यातली शेवग्याची पानं निवडायची थांबवली नाहीत.

"लेकरास उत्तर पाहिजे होतें," त्या म्हणाल्या. "तें तुझ्या नांवानें दे कीं. परक्याच्या नांवानें कां?"

"घरातल्या घरात पत्र?"

"कां नको? तोंडानें सांगवत नाहीं, तें कागद सांगतो. सरि, बरें तर, जा आतां."

त्या दुपारी मी ईराला पत्र लिहिलं. खरं लिहिलं. मला तुझं वाईट वाटलं म्हणून मी खोटं बोलले, ती माझी चूक. आणि मलाही इथे मैत्रीण नाही. पडवळाच्या दिवशी मी रडले होते, ते तुला सांगितलं नव्हतं. खाली सही केली आणि वर आमचाच पत्ता घातला. ते पत्र यायला दोन दिवस लागले, आणि ईराचं उत्तर यायला आणखी चार. तिनं ते स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं होतं.

'प्रिय आई, मला दुधी आवडत नाही, म्हणून तुला तो मागता आला नाही तरी चालेल. मी अजून थोडी रागावलेली आहे. तुला मैत्रीण नाही असं का लिहिलंस? तुळजाआजी आहे. उत्तर पाठव.'

मी ते वाचत असताना ती दाराआड उभी होती. मी बघितलं तशी पळाली. संध्याकाळी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

पुढचं सगळं तुळजाबाईंचं. त्यांनी शनिवारी तिण्णैवर गल्लीतल्या मुलांना बसवायला सुरुवात केली. प्रत्येकानं कुणाला तरी लिहायचं. कुणाचे वडील मस्कतला, कुणाची ताई चेन्नईला. समोरच्या कविताची आजी तर पापनाशमला राहायची, बसनं अर्धा-पाऊण तास. कविता म्हणाली, "आजीला काय लिहायचं, परवाच भेटले." तरीही लिहिलं. आजीचं उत्तर आलं, तेव्हा कविता ते घेऊन गल्लीभर हिंडली. त्यात आजीनं लिहिलं होतं की तिला पत्र येऊन कितीतरी वर्षं झाली होती. कविताला मराठी येत नव्हतं, ईराला तमिळ. पण पत्ता कुठे लिहायचा आणि तिकीट कुठे लावायचं हे एकमेकींना दाखवता दाखवता दोघी बोलू लागल्या. दसऱ्यापर्यंत ईरा भाजीवालीशी माझ्या वतीनं भांडू लागली होती.

दिवाळीनंतर सांगलीहून एक जाडसर पाकीट आलं. ईरानं शिक्का दोन्ही बाजूंनी तपासला, मग फोडलं. आत सान्वीनं काढलेलं शाळेचं चित्र आणि एक पान.

'तुझी सगळी कार्डं मी डब्यात ठेवली आहेत. मला सुरुवात करता येत नव्हती. आई म्हणाली मायना लिही. मायना म्हणजे काय, तुला माहीत आहे का? मी तो न लिहिताच पाठवते आहे.'

एवढंच होतं. ज्या मुलीला मी मनातल्या मनात बोल लावत होते, ती पोर एका शब्दापाशी अडून बसली होती. ईरानं लगेच तीन पानी उत्तर लिहिलं. त्यात मायना म्हणजे काय ते होतंच, शिवाय मायना घातला नाही तरी चालतो हेही होतं.

ह्याला आता चार वर्षं होतील. गेल्या वर्षी कविताच्या घरचे तिरुचीला राहायला गेले. त्यांचा टेम्पो निघाला तेव्हा ईरा रस्त्यावर उभी होती. मागे राहायची पाळी आता तिची होती. ती घरात आली, पाणी प्यायली आणि लिहायला बसली. "तिथे पोचल्यावर तिला काहीतरी आलेलं असायला पाहिजे," म्हणाली.

ह्या मे महिन्यात आम्ही सांगलीला गेलो. सान्वी आता ईराहून बोटभर उंच आहे. पहिला तासभर दोघी अवघडून बसल्या, मग रात्रीच्या जेवणाला बोलावूनही येईनात. तिकडून निघायच्या दोन दिवस आधी, माझ्या आईच्या सोप्यात, ईरा कविताला कार्ड लिहीत होती. तमिळमधून, भराभर. मी आंबे चिरत होते. आई तिच्याजवळ बसून ती वळणदार अक्षरं बघत होती. तिला त्यातलं एक कळत नव्हतं, पण तिनं नजर काढली नाही.

"पाठवणाऱ्याचा पत्ता माझा घाल हो," आई म्हणाली. "उत्तर इथे आलं तर मलाही बघायला मिळेल."

ईरा थांबली. आजीला वाईट वाटू नये असं काहीतरी ती शोधत होती, ते मला दिसत होतं. मग तिनं आजीच्या गळ्यात हात टाकला.

"तुला मी वेगळं पत्र लिहीन आजी, नक्की. पण हे उत्तर घरी यायला नको का?"

आणि तिनं खालच्या कोपऱ्यात आमचा कुंभकोणमचा पत्ता लिहिला. माझी आई माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली आणि आंब्याची फोड तिच्या हातावर ठेवली.