डावीकडचं मागचं दार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे? कदाचित तुम्ही सुधाकरला ओळखत नाही म्हणून.

सुधाकर माझा शाळेपासूनचा मित्र. आमच्या रोहणा गावात चारचाकी आधी माझ्याकडे आली — जुनी, दुसऱ्याने वापरून विकलेली, पण आली. आर्वीला जायचं झालं की तो माझ्या शेजारी बसायचा, काच खाली-वर करत. मला ते आवडायचं. किती आवडायचं, ते त्याने नवी कोरी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा कळलं.

दसऱ्याला तो मला मुद्दाम वर्ध्याच्या शोरूममध्ये घेऊन गेला. "तुले समजते गाडीतलं. तू हो म्हन, मंगच सही करतो."

चाकांखाली लिंबं ठेवलेली. वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या. मी वाकून वाकून त्या पांढऱ्या गाडीभोवती फिरलो. काहीतरी सापडावं असं मला वाटत होतं का? — हो.

आणि सापडलं. डावीकडच्या मागच्या दाराच्या काळ्या रबरावर पांढऱ्या रंगाचे बारीक शिंतोडे. दार कुठेतरी ठोकलं गेलं होतं आणि गुपचूप रंगवलं होतं. मी एक शब्द बोललो असतो, तर त्याला दुसरी गाडी मिळाली असती.

"काऊन बे, एवढं काय पाहून राह्यला?"

"काही नाई. एकदम फस्क्लास."

त्याने सही केली. नारळ फुटला. परतताना मी त्याच दाराला टेकून बसलो. याच्या नव्या गाडीला डाग आहे, आणि तो फक्त मला माहीत आहे — खोटं कशाला सांगू, मला सुख वाटत होतं.

दोन वर्षांत त्या दाराचा रंग फुगला, पोपडे निघाले. गाडी वहिनी धुवायच्या. रंग त्यांच्या घासण्यानेच गेला, असं सुधाकरने ठरवूनच टाकलं. चारचौघांत म्हणायचा, "कढई घासते तशी गाडी घासली हिनं!" लोक हसायचे. मीही.

गेल्या पोळ्याला त्यांच्याकडे जेवायला होतो. त्याने पुन्हा तेच काढलं. वाढता वाढता वहिनी थांबल्या.

"भाऊजी, तुमी तं पाह्यली होती गाडी. पयलेपासूनच तं नव्हतं ना काही?"

नेमकं मलाच विचारलं. सुधाकरही माझ्याकडे बघत होता — मी म्हणेन ते खरं मानायला तयार.

"नाई वहिनी," मी म्हणालो, "तेव्हा चांगलं होतं."

त्यांनी मान हलवली. माझ्या पानात अजून एक पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं. ती मी खाल्ली.