गॅलरीखालची जागा

ती केस आठवली की अजूनही माझी मान खाली जाते. नोकरीत बरंच काही पाहिलं, पण घरी कोणी पोलिसातल्या गोष्टी विचारल्या तर ही मी कधी सांगत नाही. म्हणून लिहून ठेवते.

मी अधिकारी नव्हते. होमगार्डमध्ये होते, शिक्षण चौथीपर्यंत. बंदोबस्ताला उभं राहायचं आणि ठाण्यात एखाद्या बाईचा जबाब घ्यायचा असला की महिला हवालदारांच्या जोडीला बसायचं, एवढं माझं काम. मला चारचौघांत बोलता येत नाही. साहेब म्हणायचे, "तुझ्यासारखी गप्प बसणारी बाईच इथं कामाची."

गावाचं नाव लिहीत नाही. पेणहून जोह्याच्या बाजूला गणपतीच्या मूर्ती घडवणारी गावं आहेत, त्यातलं एक. ते माझं माहेर. माझी वहिनी आणि तिची मुलगी तिथल्या एका कारखान्यात कामाला होत्या. वहिनी मोडक्या मूर्ती जोडायची आणि पॉलिश पेपर मारायची. भाची डोळ्यांची आखणी करायची. डोळे काढायला उजेड लागतो, म्हणून दोघी कारखान्याच्या पुढच्या बाजूला, वरच्या गॅलरीखाली बसायच्या.

एका दुपारी त्या गावचे वीस-पंचवीस लोक एका माणसाला ओढत ठाण्यात घेऊन आले. त्याचा शर्ट फाटलेला, ओठातून रक्त येत होतं, काखेत पिवळं हेल्मेट. पुढे कारखान्याचे शेट. गॅलरीचा खालचा तुकडा पडून एक मुलगी जखमी झाली होती. नाव ऐकलं. माझीच भाची. उजवा हात मोडला होता, तिला दवाखान्यात नेलं होतं.

"हा सर्व्हेअर, रोह्याचा," शेट सांगत होते. "बिल्डिंग बघायला आला नि हातोडी मारून गॅलरी पाडली."

"सोता टोपरं घालून आला नि आमच्या डोक्यावर छप्पर पाडलंन!" मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले. रागातही हसले.

शेटना इमारतीवर आणखी एक मजला चढवायचा होता. त्याआधी जुनं बांधकाम तपासून घेणं भाग होतं, म्हणून हा माणूस आला होता. शेटची फिर्याद लगेच लिहून घेतली. सर्व्हेअरला बाकावर बसवलं. त्यानं पाणी मागितलं. माठ माझ्या हाताशी होता. मी उठले नाही. भाचीचा हात डोळ्यांपुढे होता, आणि हातोडीवाला समोर बसला होता. बऱ्याच वेळाने एका शिपायाने त्याला तांब्या दिला.

साहेबांनी त्याला बोलतं केलं. तो आवाज न चढवता बोलला.

"मी आधी बाहेरून फेरी मारतो. भेगा, ओल, कुठं काय झुकलंय ते लांबून बघतो. गॅलरी खालून गुळगुळीत दिसली, जरा जास्तच. बाकीच्या भिंतीला पोपडे आणि तेवढीच नवी, म्हणून संशय आला. खाली बसलेल्यांना बाहेर जायला सांगितलं. बाहेर गेलेल्या बघितल्या आणि मग वर गेलो. गॅलरीत पाय ठेवला नाही. दारात उभं राहून लांब काठीने ठोकून बघितलं. चांगल्या सिमेंटचा आवाज खणखणीत येतो. हा बद्द आला. मी थांबलो, तेवढ्यात खालून किंकाळी आली."

"कुणाला सांगितलंत बाहेर जा म्हणून?" साहेबांनी विचारलं.

"तिथं बसलेल्या सगळ्या बायकांना."

शेट म्हणाले, "काय नाय सांगितलंन. इचारा बायांना."

सोबत आलेल्या बायांना विचारलं. सगळ्या खाली बघत राहिल्या. त्यांत माझी वहिनीही होती. तिने एकदाच तोंड उघडलं, "माझ्या पोरीचा हात मोडलान यानं. याला आत टाका."

मला तेव्हा तिचंच खरं वाटलं. खरं तर ठाण्यातल्या सगळ्यांनाच वाटलं. शेट रोजचे ओळखीचे, आणि हा परका.

संध्याकाळी ठाण्यात फोन आला. माणसाने नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "जो तुकडा पडलाय तो फोडून बघा," आणि फोन ठेवला. साहेबांनी स्टेशन डायरीला नोंद केली आणि सकाळी पंचनामा ठरवला. सर्व्हेअरला सोबत घेतलं. मी सांगितलं, "साहेब, जखमी मुलगी माझी भाची आहे." ते म्हणाले, "लिहिणं-विचारणं हवालदार मॅडम करतील. तू नुसती सोबत ये."

कारखान्यापाशी साहेब सरळ आत निघाले. सर्व्हेअरने त्यांना हाताने अडवलं. ज्याला आदल्या दिवशी मारलं तोच माणूस म्हणत होता, "साहेब, आधी वर बघा. टेकू लागल्याशिवाय कोणी खाली जाऊ नका." बांबूचे टेकू येईपर्यंत त्याने आम्हाला रस्त्यावर उभं केलं. गावातले पंच आपापसात म्हणाले, "बाप्पाच्या कारखान्याला टेकू! काय पण शाना हाय."

मग त्याने पडलेला तुकडा उचलून स्क्रू-ड्रायव्हरने उकरला. आतून पांढरा भुगा आणि पिवळट केसांसारखं काहीतरी निघालं. त्याने ते चिमटीत धरून विचारलं, "हे नारळाचं सोडण सिमेंटमध्ये कसं?"

पंच दोघेही मूर्तिकार. तो काथ्या होता. प्लास्टरच्या मूर्तीला बळ यावं म्हणून तो भिजवून आत भरतात. आमच्या गावात शेंबडं पोर ते सांगेल, आणि चाळिशीतले पुरुष पायातल्या चपला बघत उभे होते. गॅलरीच्या उघड्या पडलेल्या भागात सळ्या दिसत होत्या. खाडीच्या हवेने गंजून त्यांचे पापुद्रे सुटले होते. सर्व्हेअरने बोट लावलं आणि तांबडा चुरा खाली पडला.

शेट म्हणाले, "गवंड्यानं केलं असंल. मला काय ठाव?"

दुपारी वहिनीला जबाबासाठी बोलावलं. मॅडम समोर, मी शेजारी. टेबलावर तो तुकडा कागदावर ठेवला होता. मॅडमनी चार वेळा विचारलं.

मग वहिनीचा उजवा हात पुढे आला. अंगठा तुकड्याच्या कडेवरून सावकाश फिरला, जिथे नवं जुन्याला मिळालं होतं तिथून. मूर्तीचा सांधा नीट बसला की नाही हे ती आयुष्यभर असंच बघत आली होती. मॅडमची लेखणी थांबली. वहिनीने आमच्याकडे पाहिलं आणि हात पदराखाली ओढून घेतला.

"वन्स," ती मला म्हणाली, "तुमी बाहेर जाता का?"

मी उठले. मॅडम म्हणाल्या, "बसा." मी बसले.

"मीच भरलंय," वहिनी म्हणाली. "शेटनी सांगितलं, तो मानूस येनार हाय, भेगा दिसल्या तर कारखाना बंद. मंग बायांनी काय करायचं? बाप्पाचा मोडलेला हात जोडताव तसा जोडला. काथ्या भरला, पेपर मारला, वरनं रंग दिला. शेट बोलले, तुझ्या हाताला तोड नाय."

"अगं, तुझी बसायची जागा त्याच्याच खाली," मॅडम म्हणाल्या. "भीती नाही वाटली?"

"भेग दिसंना झाली, तवा ती गेली असंच वाटलं."

"सर्व्हेअरने बाहेर जायला सांगितलं होतं?"

वहिनीने तुकड्यावरून नजर काढली. मग म्हणाली, "सांगितलंन. आमी गेलाव पन. तो वर गेला नि शेट बोलले, बसा, काय होत नाय. पोरगी नको बोलत व्हती. मीच बोलली, बस गो, रंग सुकंल."

एवढं बोलून तिने पदर तोंडावर घेतला. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. अंगावर खाकी होती, ठेवता आला नाही.

शेटवर गुन्हा नोंदला. पुढे बाकीच्या बायांनीही खरं सांगितलं. वहिनी साक्षीदार झाली. कोर्टाचं काम लांबलं, ते इथे लिहीत नाही. सर्व्हेअरची माफी मागायला गावातून कोणी आलं नाही. साहेबांनी त्याचं हेल्मेट माझ्या हातात दिलं, "देऊन ये." तो ठाण्याच्या पायरीवर उभा होता. भाचीबद्दल काही बोलावं, पाण्याबद्दल काही बोलावं, असं मनात होतं. तोंडातून निघालं, "चहा घेणार का?"

"नको ताई, रोह्याची गाडी जाईल," तो म्हणाला. "मुलगी कशी आहे?"

मी मान हलवली. तेवढंच जमलं.

खोटं बोलणारी माणसं मी ठाण्यात पुष्कळ पाहिली. ती डोळे चुकवतात, घाम पुसतात, ते ओळखायला शिकले होते. पण इथे खोटं गुळगुळीत होतं, चांगल्या हाताने केलेलं होतं, आणि आपल्या माणसांचं होतं. ते ओळखायचं कुणी शिकवलं नव्हतं. ज्या एकाने ओळखलं, त्याला आम्ही बाकावर तहानलेला ठेवला.

पुढच्या वर्षी पंचायतीने सगळे कारखाने तपासून घेतले. तोच माणूस आला. या वेळी तो काही बोलायच्या आत लोक बाहेर येऊन उभे राहिले. वहिनीच्या घरातही दाराच्या वर भिंतीत एक भेग होती, तीही तिने त्याला दाखवली. त्याने भेगेवर काचेची पट्टी चिकटवली आणि सांगितलं, "ही तडकली तर भेग वाढतेय समजा, मला कळवा. भरू मात्र नका."

भाचीचा हात जुळला, पण बारीक रेघ काढताना थरथरतो. डोळ्यांची आखणी तिने सोडली. आता ती मूर्तींना पांढऱ्या रंगाचा हात मारते, तोही पत्र्याच्या शेडमध्ये, मोकळ्यावर.

गणपतीत वहिनी सगळं घर रंगवते. दारावरचा तेवढा भाग सोडते. पाहुणे विचारतात, "इथंच का गो रंगवायचं ठेवलंस?" यंदा मी गेले तेव्हा उंबऱ्याबाहेरच थांबून आधी वर पाहिलं. वहिनी आतून बघत होती. म्हणाली, "या वन्स. काच हाय तशीच हाय."

भाची पाणी घेऊन आली. तांब्या तिने डाव्या हाताने दिला.