गणपतीच्या अंगाचा रंग

गाडी पेणला रामवाडीच्या शोरूममध्ये तयार होऊन उभी होती आणि ती घरी आणायला मी आडवी आले होते. आषाढातली अमावस्या होऊन जाऊ दे, श्रावण लागला की आणू, असं माझं म्हणणं. आमचे हे म्हणाले, "अगो, गाडीला पेट्रोल लागतं, तिथी लागत नाय." पण लग्न झाल्यापासून पंचांग माझ्या ताब्यात आहे. गाडी तिथेच राहिली, शोरूमच्या मागच्या शेडमध्ये. शेडला वर पत्रा होता, बाजू मोकळ्या.

यांनी उभा जन्म रोह्याच्या एका कंपनीची बस चालवली. कासू, निडी, जिथून जिथून माणसं कामाला यायची तिथून ती गोळा करायची आणि शिफ्ट सुटली की परत सोडायची. बस कंपनीची, डिझेल कंपनीचं, हॉर्नसुद्धा कंपनीच्या हिशेबाने वाजवायचा. मला दर वर्षी सांगायचे, "एकदा माझी स्वतःची गाडी घेईन, तुला बाजूला बसवीन नि पेणला माहेरी नेईन." मी म्हणायची, "तोवर माहेरचं कोणी ओळखायला राहिलं पाहिजे." भाऊ गेला, वहिनी गेली, तेव्हा कुठे गाडी आली. पांढरी.

श्रावणातल्या चांगल्या दिवशी आम्ही आणि मुलगा गाडी घ्यायला गेलो. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. शोरूमवाल्यांनी यांच्या हातात भलीमोठी पुठ्ठ्याची चावी देऊन फोटो काढला. फोटोत हे लाजलेले दिसतात. मला बघायला आले होते तेव्हा लाजायचं काम यांनी माझ्यावर टाकलं होतं.

परत येताना चालवायला हेच बसले. वडखळच्या पुढे एकदा आणि नागोठण्यात एकदा ब्रेक इतक्या उशिरा दाबला की माझी पर्स पायात पडली. मुलगा मागून ओरडला, "बाबा!"

"नवी गाडी हाय," हे म्हणाले. "पेडल अजून ओळखीचं नाय."

बसचे पाय होते ते. आम्हाला पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं घेऊन गाडी पुसायला गेले. बॉनेटवर फडकं सरकेना, अडकत होतं. हाताने बघितलं तर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत लागलं. पाणी मारलं, साबण लावला, तरी तसंच. मग मी चष्मा नाकावर चढवून अगदी जवळ गेले. बारीक बारीक ठिपके होते, मोहरीहूनही लहान, आणि रंग गुलाबीसर. तो रंग मला कुणी सांगायला नको होता. गणपतीच्या अंगाचा रंग होता तो.

पेणच्या ज्या गल्लीत मी वाढले तिथे घराला लागून मूर्तींचा कारखाना होता. शाळा सुटली की मी तिथे. स्वतःला मोठी कलाकार समजायची, आणि काम काय, तर उंदरांना काळा रंग फासायचा. बाजूला फवाऱ्याची मशीन चालू असायची आणि उरलेला रंग हवेतून येऊन आमच्या डोक्यावर बसायचा. हे मला बघायला आले त्या दिवशीही मी सकाळी उंदीर रंगवून आले होते. तोंडावर गुलाबी ठिपके होते. ते घासून जाईनात म्हणून त्यावर पावडर थापली, पावडर उठून दिसायला लागली म्हणून आणखी थापली. चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर आले तेव्हा अर्धवट रंगवलेली मूर्तीच चालत आल्यासारखी दिसत असणार. वर मान ताठ! नात हे ऐकते तेव्हा म्हणते, "आजी, त्यांनी तुला पसंत कसं केलं?" मलाही ते कोडंच आहे.

लग्न झाल्यावर पहिल्या सकाळी यांचं बोट माझ्या कानामागे थांबलं. "इथे एक राहिलाय," म्हणाले, आणि नखाने तो ठिपका काढला. बघितला नव्हता, नुसता बोटाला लागला होता. यांचा हातच तसा. बसच्या चाकावरून हात फिरवून खिळा कुठे घुसलाय ते सांगायचे. तांदळातले खडे मी निवडायची आणि शेवटचा हात यांचा.

तर गाडी. शोरूमच्या शेडला लागून गणपतीचा कारखाना असणार, हे मी फडकं हातात धरूनच ओळखलं. ऐन हंगामात आमची गाडी तिथे उभी करून ठेवली होती, माझ्या अमावस्येच्या मानासाठी. बाप्पाने हजेरी लावली. मुलाने हात फिरवला आणि तो भडकला. "नवी गाडी नि ही अवस्था? आज बघतोच त्यांच्याकडे."

मी यांना हाक मारली. "अहो, या बघू. हात लावा."

हे आले, लुंगीला हात पुसला, आणि बॉनेटवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश हात फिरवला. चेहरा असा, की बाळाच्या पाठीवरून फिरवताहेत.

"काय झालंय?" म्हणाले. "लोणी हाय गो, लोणी."

आम्ही हसलो. मला वाटलं मला चिडवताहेत. मुलाला वाटलं, बाबांना त्यांच्या गाडीबद्दल वाकडा शब्द ऐकायचा नाही. तो म्हणालाही, "बाबा, तुमच्यापुढे गाडीचं नाव काढायची सोय नाय."

चार दिवसांनी मुलाला सुट्टी मिळाली तेव्हा पेणला गेलो. या वेळी तोच चालवायला बसला, भांडायचं म्हणून लवकर पोचायचं होतं त्याला. भांडण झालंच नाही. शोरूममधल्या पॉलिशवाल्याने हात लावला आणि म्हणाला, "ओव्हरस्प्रे हाय, काकू. बाजूच्या कारखान्याच्या फवाऱ्याचा उडालेला रंग. दर हंगामात एक-दोन गाड्या सापडतात." त्याने मऊ मातीसारखी एक वडी काढली. साबणाचं पाणी मारायचा आणि वडी घासायचा. पांढरी वडी बघता बघता गुलाबी झाली. बॉनेटचा डावा अर्धा भाग करून झाल्यावर त्याने आम्हाला बोलावलं. पातळ प्लास्टिकची पिशवी दिली. "ही हातावर चढवा नि बघा. पिशवीतून बारीकसुद्धा मोठं लागतं."

मी बघितलं. उजवीकडे पिशवी खरडत होती, डावीकडे घसरत होती, काचेवरून घसरावी तशी. मुलाने बघितलं. मग तो म्हणाला, "बाबा, आता तरी कबूल करा. लोणी म्हणे!"

यांनी हातावर पिशवी चढवली. हात ठेवला. थोडा फिरवला, थांबवला, परत फिरवला. कपाळावर एक आठी आली. मग हे गाडीकडे बघेनात, माझ्याकडे बघायला लागले.

"हां," म्हणाले. "हाय हाय. टोचतंय की."

हात डाव्या बाजूवर होता.

पॉलिशवाला काही बोलणार होता, पण त्याने वडी पाण्यात बुडवली आणि खाली मान घालून टायरजवळ घासायला बसला. मुलाचं हसू तोंडावरच राहिलं. मी पुढे झाले आणि यांच्या हातावरची पिशवी काढली. आत हात गरम होता, आहे तसाच, माझ्या ओळखीचा.

गाडी होईपर्यंत आम्ही दोघं बाहेर बाकड्यावर बसलो. चहा आला. कप इतका गरम की मी पदरात धरला होता. यांनी नुसत्या हाताने धरला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"माझ्यापासून कशाला लपवता? सांगा."

हे समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघायला लागले. "पावसाच्या आधीपासून. मला वाटलं, म्हातारपण. साखर हाय, होतं असं."

"पायालापण?"

"चप्पल निसटते नि मागे राहते गो. दुसरा माणूस हाक मारून सांगतो तेव्हा कळतं."

म्हणजे वडखळचा ब्रेक. नागोठण्याचा ब्रेक. मी पदरातला कप बाकड्यावर ठेवला. हेच म्हणाले, "एकदा आणली ना पण. पेणवरून रोह्याला. माझी मी."

"व्हय," मी म्हटलं. "आणलीत."

"तू बाजूला होतीस."

"माझी पर्स खाली पडली होती," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो. हसताना यांचा चहा सांडला. तोही यांना बोटावर कळला नाही. मी पदराने टिपला.

डॉक्टरांनी पायाच्या तळव्याला टाचणी लावून बघितली आणि सांगायचं ते सांगितलं. पाय रोज तपासा, अनवाणी फिरू नका, आणि गाडी चालवायची नाही. पहिल्या दोन गोष्टींवर यांनी मान हलवली. तिसरीवर हलवली नाही, पण दवाखान्यातून बाहेर आल्यावर खिशातली चावी काढून मुलाच्या हातात दिली. जुनी पितळेची कडी होती तिला, बसच्या वेळची. कडी काढून घ्यावी की तशीच द्यावी, याचा क्षणभर विचार केला. तशीच दिली.

गाडी आता खरंच लोण्यासारखी लागते. हे सकाळी पुसायला जातात आणि मी दारातून सांगते, "उजवीकडे धूळ राहिली."

यंदा मूर्ती आणायला आम्ही त्याच गाडीतून पेणला गेलो. मुलगा चालवत होता, हे बाजूला, मांडीवर मूर्ती. मी मागे. आयत्या वेळी कारखान्यात मूर्तीखालच्या पाटाच्या दोन्ही कडांचा रंग उडाला होता, तो गुलाबी फासून दिला होता, आणि पावसाळी हवेत रंग सुकत नव्हता. यांनी मूर्ती रोह्यापर्यंत घट्ट धरली, निडीच्या खड्ड्यांतसुद्धा हलू दिली नाही.

घरी मूर्ती मखरात बसली तेव्हा मी यांचे हात बघितले. दोन्ही तळवे गुलाबी. यांना ठाऊकच नव्हतं.

"सांगायचंस ना," म्हणाले.

मी यांना पायरीवर बसवलं, वाटीत खोबरेल घेतलं आणि एकेक बोट चोळायला लागले. हे अंगणातल्या गाडीकडे बघत होते.

"निघाला का गो?" न बघताच विचारलं.

हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"नाय अजून," मी म्हटलं. "बसा जरा."