न्हाणीचा तखमिना

किस्से कसे साचतात ते मला विचारा. दफ्तरात जन्म घालवलेल्या माणसाकडं दोनच गोष्टी साचतात, मिसली म्हणजे फायली, आणि किस्से. मिसली निदान उंदीर खातात. किस्से काही कमी होत नाहीत, उलट दर वर्षी त्यांना पिलं होतात! आता परवा आमचा नातू त्याच्या बाथरूमचं बजेट काढायला बसला. आकडे मांडतो, खोडतो, परत मांडतो. मी बाजूला बसून हसून राहिलो तर म्हणतो, "आजोबा, तुम्हाला काय कळतं यातलं?"

मला काय कळतं! अरे, निजामाच्या राज्यात लातूरला, तामिरातच्या म्हणजे सरकारी बांधकामाच्या दफ्तरात मी तखमिने लिहीत होतो. तखमिना म्हणजे तुमचं एस्टिमेट. पूल म्हणू नका, शाळा म्हणू नका, चावड्या म्हणू नका, सगळ्यांचे तखमिने माझ्या हातचे, तेही उर्दूत. एका पैचा फरक दाखवा आणि माझी पगडी घेऊन जा, असं मी चारचौघांत म्हणायचो. पगडी वाचली, कारण कोणी माझ्या घरी येऊन पाहिलं नाही.

घरी न्हाणीच नव्हती. परसात दोन बांबू रोवलेले, त्यावर जुनं लुगडं टाकलेलं, की झालं. शेजारच्या अडत्याच्या माडीची खिडकी थेट त्यावर उघडायची. म्हणून आमची मंडळी कोंबडं आरवायच्या आत उठून, थंडीत कुडकुडत, चार तांबे अंगावर ओतून मोकळी व्हायची. लग्न झाल्यापासून तिनं उजेडात अंघोळ केली नव्हती. एक दिवस तिनं सरळ सांगितलं, "पूल बांधून राहिलात गावोगाव. मला चार भिंती आणि आतून कडी लागणारं दार पाहिजे. दुसरं काही मागत नाही."

मी म्हणालो, "तोंडी मागणीवर आमच्याकडं काही होत नसतं. दरखास्त दे!"

थट्टेत म्हणालो होतो, असं मी पुढं सगळ्यांना सांगायचो. थट्टेत नव्हतो म्हणालो. सवयीनं म्हणालो होतो. तिनं आमच्या लेकीची, कुसुमची पाटी ओढली आणि लिहिलं, "चार भिंती. वर पत्रा. आतून कडीचं दार." मी त्याखाली उर्दूत शेरा मारला, "मागणी मुनासिब आहे, कार्रवाई व्हावी." पाटी फडक्यात गुंडाळून मिसलीला लावली आणि मिसल कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांनी कुसुमला उभं केलं. "पाटी कुठाय?"

"बाबांच्या मिसलीत हाय. कार्रवाई चालू हाय!"

०

आमच्या दफ्तरात तिघंच मुख्य. सरिश्तेदार कादरसाहेब, म्हणजे आमचे हेडक्लार्क, पिकल्या दाढीचे, पानाचे शौकीन. ओव्हरसिअर रंगय्या, तिकडं तेलंगणातला, कायद्याच्या पुस्तकाबाहेर पाऊल न टाकणारा. आणि मी. न्हाणीचं काम निघालंय म्हटल्यावर रंगय्या म्हणाला, "पाया मी काढतो. काळी माती आहे, लई वाईट. कायद्यानं पुरुषभर खोल जायला पाहिजे."

गेलो आम्ही खोल, कागदावर. मग पुरुषभर पाया म्हटल्यावर त्याला दगड, दगडाला गाड्या, गाड्यांना बैल, बैलांना कडबा. सरकारी कामाला रात्रीचा चौकीदार लागतो, तो मी लिहिला. कामाचा मुआयना, म्हणजे पाहणी, करायला साहेब येतो, त्याचा सफरखर्च लागतो. इथं साहेब कोण? मीच. मागच्या दारापासून न्हाणीच्या जागेपर्यंत अकरा पावलं होती. जायची अकरा, यायची अकरा, आठवड्यातून दोनदा. तोही खर्च लिहिला!

कादरसाहेबांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला. "मुन्शीजी, इसमें नहाना हय या ऊपर तोप चढाना हय?"

घरी मंडळींना वाचून दाखवला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "परसात जायचा भत्ता घेता? मग मी रोज धुणं घेऊन जाते, माझे किती झाले?"

०

माझ्याजवळ पंच्याऐंशी रुपये साठलेले होते. तखमिना गेला होता दोनशे चाळीसवर. आता तुम्हाला दफ्तरातली एक रीत सांगतो. वरचे साहेब कुठलाही तखमिना आला की डोळे मिटून तिसरा हिस्सा कापायचे. म्हणून खालचे आम्ही आधीच तिसरा हिस्सा फुगवून लिहायचो. हे वरच्यांना ठाऊक होतं, खालच्यांना ठाऊक होतं, भिंतीवरच्या पालीलासुद्धा ठाऊक होतं. कोणी बोलायचं नाही.

तर सवयीप्रमाणं मी माझ्याच न्हाणीचा खर्च आधी फुगवला होता. मग रविवारी जेवून उठलो, पाट मांडून वरचा साहेब होऊन बसलो आणि लाल शाईनं कापायला लागलो. कापताना मला राग पण आला. "काय हे, चुन्याला एवढे? कोण्या गाढवानं लिहिलं?" असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा. चौकीदार गेला, बैल गेले, सफरखर्च गेला. पाया पुरुषभराचा गुडघाभर झाला. चार भिंतींच्या तीन झाल्या, चौथी घराचीच धरली. रुंदी साडेचार फुटांची अडीच फूट केली. शेवटी बरोब्बर पंच्याऐंशीवर आणून ठेवलं आणि मिशीला ताव दिला.

मंडळी दाराशी तांदूळ निवडून राहिली होती. म्हणाली, "खोटं लिहिलं पण तुम्हीच, पकडलं पण तुम्हीच. आता शाबासकी कोणाला द्यायची, ते सांगा."

०

इथपर्यंत ठीक होतं. पण मला हौस सुटली! एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यात मी पांढऱ्याशुभ्र चिनी फरशा पाहिल्या होत्या, भिंतीला लावलेल्या. हात फिरवला की बशीसारख्या गुळगुळीत. आपल्या न्हाणीत कमरेइतक्या का होईना, त्या पाहिजेतच, असं माझ्या डोक्यानं घेतलं. सोलापूरच्या व्यापाऱ्याला पत्र टाकलं, त्याचा भाव आला, तो मी तखमिन्यात बसवला, वीट आणि चुना थोडा कमी केला. सगळं जमलं. बयाणा, म्हणजे विसार, पाठवून दिला.

आता ऐका. आमच्या राज्यात चालायचा निजामाचा हाली रुपया. सोलापूर इंग्रजांचं, तिथं चालायचा कलदार. सहा कलदार घ्यायचे तर सात हाली मोजावे लागायचे, हा वरचा फरक म्हणजे बट्टा. हे लातुरातलं शेंबडं पोर सांगेल. मी तर वीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर लाल शाईनं लिहीत आलो, "बट्टा धरला नाही, परत करावे." आणि सोलापूरचा कलदारातला भाव मी जसाच्या तसा हालीत लिहून मोकळा! वर माल हद्द ओलांडून येणार, त्यावरचा जकातीचा पैसा, तोही विसरलो.

बार्शी लाइनच्या छोट्या गाडीनं फरशांची पेटी आली. बाकी रक्कम, बट्टा, जकात, हमाली असं सगळं देऊन मी पेटीवरच बसलो. रंगय्या सोबत होता. "अय्यो, मुन्शीजी! किती राहिले?" मी बोटं दाखवली.

दुसऱ्या दिवशी दफ्तरात कादरसाहेबांनी ऐकलं आणि पानाचा डबा बंद केला. "वीस बरस आप दूसरों का बट्टा पकडे. आज बट्टे ने आपको पकड्या."

फरशा परत होईनात. मग कशावर काट मारायची? वरून खाली पाहत आलो. शेवटच्या ओळीत होतं, "दार, सागवानी, आतून कडीसह, अठरा रुपये." मी ती ओळ खोडली. त्यावर लिहिलं, "पडदा. घरात असल्यास जुना." मंडळींना हे सांगितलं नाही. सांगायची हिंमत नव्हती, हे आज म्हणतो. तेव्हा म्हणत होतो, वेळ मिळाला नाही.

०

गवंडी होता तुकाराम, औशाचा. कागद त्याच्यापुढं धरला तर त्यानं त्यावर तंबाखू मळली. "रुंदी किती धरलीय, सायेब?"

"अडीच फूट."

त्यानं तंबाखू तोंडात टाकली. जमिनीवर फक्कीनं रेघा मारल्या, मध्ये पाट ठेवला, रेघेवर दोन्हीकडं फळ्या उभ्या केल्या. मग आमच्या मंडळींना म्हणाला, "वैनी, पाटावर बसा. हातात तांब्या घ्या आन् डोक्यावर पाणी घेतल्यावानी करा. मी पाठ करून उभा ऱ्हातो. कोपर लागलं की सांगा."

ती लाजली. मग बसली. तांब्या उचलला आणि दोन्ही फळ्या धाडकन पडल्या.

एवढ्या दिवसांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं. रंगय्यानं नाही, कादरसाहेबांनी नाही, आणि ज्याचा संसार ती करून राहिली होती त्यानं तर नाहीच. मला खरंच लाज वाटली. तुकारामनं रेघा पुसल्या, रुंद मारल्या आणि लांब बाजू घराच्या भिंतीला टेकवून, विटा वाचवून तेवढ्याच पैशात बसवून दिलं.

कागद मला परत देताना म्हणाला, "सगळं काढलंय की, सायेब. निस्तं माणूस काढायचं ऱ्हायलं."

०

न्हाणी झाली. खाली शहाबादी फरशी, कमरेपर्यंत पांढऱ्या चिनी फरशा, वर पत्रा. मी दफ्तराला भजी-चहाला बोलावलं. रंगय्यानं भिंतीला ओळंबा लावून पाहिला आणि मान डोलावली. सगळे फरशांवरून हात फिरवून राहिले, मी प्रत्येकाला सोलापूर सांगून राहिलो.

कादरसाहेब मात्र बाहेरच उभे होते, पडद्यापाशी. लग्नातल्या जुन्या जाजमाचा पडदा होता तो. त्यांनी विचारलं, "दरवाजा?"

"बाद केला, साहेब. बजेटात बसला नाही."

भज्यांची परात घेऊन मंडळी तिथंच उभी होती. पडदा तात्पुरता आहे असं समजत होती ती, तिला तेव्हा कळलं. कादरसाहेब हळू म्हणाले, "अच्छा. मतलब सब बन गया, गुसलखाना रह गया."

 तिनं सगळ्यांना भजी वाढली. नेहमी टोला हाणणारी बाई गप्प बसली की घरातल्या माणसानं घाबरावं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात मला जाग आली. न्हाणीत पाणी पडत होतं. वारा सुटला होता, आणि एका हातानं पडदा धरून दुसऱ्या हातानं ती तांब्या ओतत असणार. तांब्या हातातून सुटून शहाबादी फरशीवर खणखणत गेला. नवी न्हाणी, आणि वेळ तीच, पहाटेची! मी अंथरुणात पडल्या पडल्या ठरवलं, पुढच्या पगारात दार. पुढचा पगार झाला, कुसुमला ताप आला, तो औषधाला गेला. त्याच्या पुढचा झाला, मेहुण्याचं लग्न निघालं. मी दर महिन्याला "मंजूर आहे, रक्कम यायची आहे" म्हणायचो. ती मान हलवायची.

०

आणि मग मला देवणीकडं जावं लागलं, एका नाल्यावरच्या पुलाचा तखमिना करायला. नऊ दिवस लागले. भरदुपारी, टळटळीत उन्हात, धुळीनं माखलेला असा मी आमच्या गल्लीत शिरलो आणि जागच्या जागी थांबलो.

आमच्या घराला दार नव्हतं!

पुढचं दार, वडिलांनी करून घेतलेलं, दोन फळ्यांचं, पितळी फुल्यांचं. चौकट होती, दार नव्हतं. आतून शेजाऱ्यांची शेळी तोंड हलवत बाहेर आली आणि माझ्याकडं परक्या माणसाकडं पाहावं तशी पाहून निघून गेली.  चोरी! "अहो, कोण आहे का घरात?" मी ओरडत आत पळालो. भांडी जागेवर, पेटी जागेवर, कपाट जागेवर. कुसुम शाळेत. मंडळी कुठंच नाही. मागच्या दारानं परसात आलो.

न्हाणीला दार होतं.

दोन फळ्यांचं, पितळी फुल्यांचं. दार मोठं, म्हणून तुकारामनं न्हाणीचं तोंडच फोडून तेवढं केलेलं. आणि उजव्या फळीवर, वडिलांच्या खिळ्यांवर होती तशीच, उर्दूत आणि मराठीत माझ्या नावाची पाटी. नाव, हुद्दा, आणि खाली, "भेटण्याची वेळ सकाळी आठ ते नऊ."

वर अडत्याच्या माडीची खिडकी सताड उघडी. आत पाणी पडत होतं. घाईघाईनं नाही. एक तांब्या, मग थांबून गाण्याची एक ओळ, मग दुसरा तांब्या. हिला गाता येतं, हे मला लग्नानंतर अकराव्या वर्षी कळलं.

मी दार वाजवलं. माझंच दार, माझ्याच पाटीखाली.

"कोण हाय?"

"मी."

"आलात? बरं झालं. ओसरीवर बसा, घराकडं लक्ष ठेवा, उघडं हाय ते. मला वेळ लागंल."

आतून कडी काढल्याचा आवाज आला. मग परत घातल्याचा. मग तिनं ती आणखी एकदा काढली आणि घातली.