निळ्या कानाचं पाव्हणं

ये, अशी जवळ सरक बघू. पुण्यात तुझ्या खोलीत पाय वर घेऊन हे वाचत बसली असशील, कळतं मला, तरी सरक. कानात घालतेस ती बोंडकं काढ, आणि जरा बोलणी खा माझी. तीन महिने झाले, रोज संध्याकाळी तुझा फोन येतो. "आजी, दाखव ना त्याला." मी दाखवते. खातंय का, कान दाखव, पोट दाखव, लेंड्या कशा आहेत. सगळं विचारून झालं की, "चल, ठेवते." ज्या माणसाच्या हातात ते बसलेलं असतं, त्याला एक शब्द नाही. एवढी शिकलेली पोर तू! अगं, दारातल्या कुत्र्यालासुद्धा माणूस येता-जाता हाड तरी म्हणतं.

तुला फोनवर दिसतात ते दोन हात कुणाचे असतात? आबांचेच ना, तुझ्या सख्ख्या आजोबांचे? तुझा फोन आला की ते खुर्ची मागं सरकवून बसतात, म्हणजे तोंड दिसू नये. नुसते हात पुढं करतात, आणि हातात तुझं गिनीपिग.

म्हणून लिहायला बसले. बोलायला लागले की माझं मुद्द्याचं राहून जातं आणि तुझं "नंतर करते" येतं. कागदाचं बरं असतं, तो मध्ये तोडत नाही.

पहिल्यापासून सांगते. तुमचं बिऱ्हाड जूनमध्ये बारामतीहून पुण्याला गेलं. तिथल्या बंद घरात त्याच्या केसांनी तुझ्या आईला दम लागायला लागला. माझीच लेक ती, लहानपणी कापूस पिंजला तरी शिंकायची. मग तू त्याला बावड्याला आमच्या वस्तीवर आणून सोडलंस. पिंजरा, पाण्याची बाटली, आणि वहीची दोन पानं भरून सूचना. तुझे डोळे रडून सुजलेले. आबांनी पिंजऱ्यात वाकून बघितलं.

"ह्यो उंदीर हाय का ससा?"

"गिनीपिग आहे, आबा."

"आन् शेपूट?"

"नसतं त्याला."

"म्हंजी अर्धाच आणलास व्हय!"

तू हसली नाहीस. मला मात्र पदर तोंडाला लावावा लागला.

नंतरचे तीन महिने आबांच्या तोंडी ते उंदीरच. "उंदराला पाणी दिलं का?" "तुझा उंदीर वरडतोय बघ." ओरडायचं कधी, तर आबांची मोटारसायकल रस्त्यावरून आत वळली की. बांधावरचं कोवळं गवत त्याच गाडीवरून येतं, हे त्याला चार दिवसांत कळलं. मग लांबून आवाज आला की पुढचे पाय जाळीला लावून उभं राहायचं आणि अशी शीळ घालायचं की गोठ्यातली गाय मान वळवायची. आबा म्हणायचे, "गप रं, यील की!" आणि खिशातून वेगळी मूठभर हराळी काढायचे. गाईच्या भाऱ्यातली नाही, निवडून आणलेली. पण म्हणायचं उंदीर.

सप्टेंबरात त्याच्या उजव्या कानामागं बटणाएवढी जागा उघडी पडली. केस गेलेले, कातडीवर पांढरा कोंडा. मला वाटलं डास चावला असेल. खोबरेल लावलं. आठवड्यात बटणाचा रुपया झाला, आणि तसाच एक ठिपका नाकावर आला. सारखं खाजवायचं बिचारं.

गाईला तपासायला जनावरांचे डॉक्टर आले होते, त्यांना मी पिंजऱ्यापाशी नेलं. त्यांनी उजेडात धरून बघितलं. म्हणाले, "बुरशी आहे, मावशी. गजकर्ण. मोठ्या जनावराला मी औषध दिलं असतं, पण ह्याचा जीव केवढा! माझ्याच्यानं धाडस होत नाही. बारामतीला कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवा." परवा जायचं ठरलं.

आता बघ, इथंच घोळ झाला. डॉक्टर एवढं सगळं बोलले, आबांनी त्यातला एकच शब्द उचलला. बुरशी. अगं, चाळीस वर्षं डाळिंब केलेला माणूस तो. बुरशीशी त्यांचं जन्माचं भांडण. तेव्हा नुकतीच छाटणी उरकली होती, आणि मोरचूद नि चुना कालवून केलेली निळी पेस्ट बागेतल्या एकेका खोडाला ब्रशनं लावून झाली होती. सगळी बाग गुडघ्यापर्यंत निळे पायमोजे घातल्यागत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीला दूध घालून आले, तर आबा ओट्यावर बसलेले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं गिनीपिग, शेजारी करवंटी, हातात ब्रश. आणि त्याचा कान निळा! नाकसुद्धा निळं.

"झालं तुझ्या उंदराचं काम," म्हणाले. "बारामतीला कशापायी जायाचं? बुरशी म्हंजी बुरशी. आन् झाडापरीस निम्मं पातळ केलंय. लेकरू हाय म्हणून."

माझ्या हातातली किटली खाली पडली. मी ओरडले, "अहो, झाड आपलं खोड चाटत न्हाय!"

ते ऐकेपर्यंत त्यानं पंजानं कान पुसला आणि पंजा चाटला.

आबांचं तोंड मी लग्नापासून बघतेय. गारपिटीत बाग गेली तेव्हाही बघितलंय. पण असं नाही बघितलं. तसेच उठले आणि चुलीवर पाणी ठेवलं. कोमट पाण्यानं तीनदा धुतलं आम्ही त्याला, मी धरलेलं नि आबा पाणी घालतायत. निळं निघालं, पण केसांच्या मुळाशी राहिलंच. मग कोरडं करून पुढं गवत ठेवलं. तोंड फिरवलं. ढोबळी मिरची ठेवली, तिच्यासाठी जीव टाकतं एरवी. तिच्याकडंही बघेना. कोपऱ्यात अंग फुगवून बसलं.

तुझ्या सूचनांच्या पानावर तू लाल शाईनं लिहिलं होतंस: याने खाणं सोडलं तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. मी ते आबांना वाचून दाखवत होते, तर ते अंगणात गेले. गाडी चालू केली. बंद केली. परत चालू केली. मला आधी कळेचना काय करतायत. मग कळलं. शीळ येते का बघत होते.

आली नाही.

मग आम्ही थांबलोच नाही. वेळूच्या पाटीत मऊ लुगडं घातलं, त्यात त्याला ठेवलं, वर पंचा. बावड्याहून इंदापूर आणि इंदापुरात बारामतीची गाडी. पाटी सगळी वाट आबांच्या मांडीवर. शेजारची बाई डोकावून डोकावून बघत होती. "कोंबडी हाय का वं?" आबांनी पंचा नीट ओढून घेतला. मग कंडक्टर आला.

"काय हाय आबा पाटीत?"

मला वाटलं आता उंदीर म्हणतात आणि उतरवतात आम्हाला. तर आबा म्हणाले, "पाव्हणं हाय. नातीनं आमच्या भरवशावर ठिवलंय. आजारी हाय."

कंडक्टरनं पंचा बोटानं वर करून बघितलं. भला माणूस. म्हणाला, "मग खिडकी लावून घ्या की. पाव्हण्याला वारं लागंल."

त्या दिवसापासून आबांच्या तोंडून उंदीर शब्द गेला, तो आजतागायत.

डॉक्टरीणबाई तुझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल, पण आम्हा दोघांना अशी रागावली की शाळेत उभं केल्यागत वाटलं. "मोरचूद? आबा, ते विष आहे त्याला! लगेच धुतलंत म्हणून वाचेल." हातमोजे घालून तिनं त्याला तपासलं, दोन-चार केस उपटून बघितले, सुई दिली. सिरिंजनं भरवायची पेज दिली, बुरशीचं पातळ औषध दिलं, मलम दिलं. महिनाभर रोज, एक दिवस चुकवायचा नाही, हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. अंथरूण रोज बदलायचं, उकळत्या पाण्यात धुवायचं, उन्हात वाळवायचं.

आबांनी विचारलं, "समदं माझ्यामुळं झालं का बाई?"

"निळं तेवढं तुमच्यामुळं," ती म्हणाली. "बुरशी आधीच दुसरीकडून आली. अंथरूण कशाचं घालता?"

प्रश्न मला होता. मी म्हटलं, "कापडाचं."

आता ऐक. खोटं होतं ते.

तू पानावर लिहिलं होतंस, मऊ कापड, रोज धुतलेलं. जून-जुलै मी तसंच केलं, तुझी शप्पत. पण ऑगस्टात झड लागली, कापडं वाळेनात. मग मी गोठ्यातलं एक पोतं उचललं, कापून त्याच्याखाली घातलं. वासराच्या अंगाखालचं पोतं. वासराच्या डोळ्याभोवती तेव्हा पांढरे गोल चट्टे होते. लहान वासरांना होतात, पाऊस गेला की जातात, म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही. डॉक्टरीणबाईनं विचारलं त्या क्षणी ते वासरू माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. आणि शेजारी आबा मान खाली घालून उभे. मला खरं बोलवलं नाही. घरी गेल्या गेल्या ते पोतं मी चुलीत घातलं.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन. निळा कान तुला दिसला. मी काहीतरी सारवासारव करणार, तोवर आबांनी फोन हातात घेतला. "म्या लावलं. डाळिंबाचं औषध," म्हणाले. तू म्हणालीस, "आबा, तुम्ही मारलं असतंत त्याला," आणि फोन बंद. मी शेजारीच बसले होते, तोंड शिवल्यागत.

मग तो महिना. अगं, ते हात तू तेव्हा बघायला हवे होतेस. पाठीवर पंप घेऊन औषध मारणारे हात, त्यांना थेंबाथेंबानं औषध पाजायचं जमेना पहिल्यांदा. पाण्याची सिरिंज घेऊन आबा माझ्याच तोंडावर सराव करायचे. "आ कर. गिळ." नखांच्या कडेला मोरचुदाचं निळं राहिलं होतं, ते लिंबाची फोड घासून घासून काढलं, त्याला वास यायला नको म्हणून. पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पेज. तिसऱ्या दिवशी त्यानं कोथिंबिरीची एक काडी ओढली. आबा त्या काडीकडं असे बघत होते, जसं काही पहिलं फूल लागलंय बागेत. डाळिंबं तोलायच्या काट्यावर रोज त्याचं वजन करायचे आणि कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायचे. आकडा खाली गेला, की त्या दिवशी आबांची एक भाकरी कमी. नववा दिवस असेल. आबा शेतातून आले, गाडी वळली, आणि आतून शीळ! माणूस गाडी स्टँडवर लावायचीच विसरला. गाडी आडवी, गवत अंगणभर, आणि हे आपले दारात उभे.

पंधरा दिवसांनी परत बारामतीला गेलो, तेव्हा माझ्या मनगटावर चट्टा उठला होता. गोल, कडेनं लाल. मी बांगड्या पुढं ओढून झाकत होते. पण डॉक्टरीणबाईनं बघितलंच. आबा बाहेर उसाचा रस आणायला गेल्यावर मला हळूच म्हणाली, "आजी, घरी वासरू आहे का?"

मी सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, वासराचंही औषध घ्या, तुमचंही माणसांच्या डॉक्टरकडं दाखवा. "आणि आबांना?" मी म्हटलं, सांगीन.

सांगीन सांगीन म्हणत अडीच महिने गेले बघ. कान भरून आला. मक्याच्या कणसाच्या आत असतात ना, तसे मऊ केस आलेत तिथं. नाकावरचा ठिपका गेला. माझं मनगट बरं झालं, वासराचे डोळे बरे झाले. तुझा राग तेवढा बरा झाला नाही. आणि रोज संध्याकाळी ते दोन हात पुढं, तोंड मागं.

परवा मला राहवलं नाही. पिंजरा साफ करता करता सांगून टाकलं. पोतं मी घातलं होतं, बुरशी मी आणली, मी खोटं बोलले. मला वाटलं आता आबा रागावतात. तर त्यांनी पाव्हण्याला उचलून छातीशी धरलं आणि म्हणाले, "हे पोरीला सांगू नगस. एका घरात एकावर रुसलीय तेवढं पुरं हाय. दोघांवर रुसली तर फोन करायचा कुणाला?"

त्यांनी नको म्हटलं, म्हणूनच लिहिलं. आता तुला रुसायचंच असेल तर नीट वाटणी करून रूस. थोडं त्यांच्यावर, त्यांनी विचारलं नाही म्हणून. जास्त माझ्यावर, मी बोलले नाही म्हणून.

पण रुसायला हितं ये. फोनवरून नको. दारातला पेरू पिकायला लागलाय, पाव्हण्याला आम्ही रोज एक फोड देतो, तुझ्या वाटचे पेरू झाडावरच ठेवतो आणि ते राघू खातात. या शनिवारी सकाळच्या गाडीत बस. इंदापूरच्या स्टँडवर आबा गाडी घेऊन येतील. तू आधी बोल, ते आपणहून बोलायचे नाहीत. मग दोघं मिळून या, आणि गाडी वस्तीवर वळली की कान देऊन ऐक. ये गं लवकर.