डायरेक्टरबद्दल वाचकांचं मत

आप्पा, म्हणजे माझे वडील, घोटाळ्यांच्या थरारक कादंबऱ्यांचे भारी शौकीन. फौजेत सुभेदार होते, तिथंच वाचायची सवय लागली. खून-मारामारीत त्यांना रस नव्हता. म्हणायचे, "गोळी कुनीबी घालतंय. कंपनी आतनं पोखरायला डोस्कं लागतं."

निवृत्तीनंतर शिराळ्याजवळच्या आमच्या गावी सोयऱ्यातल्या एकानं बेदाण्याच्या शीतगृहाची कंपनी काढली आणि आप्पांना डायरेक्टर केलं. पाटीवर सुभेदाराचं नाव दिसलं की लोक कंपनीत डोळे झाकून पैसे ठेवतात, हे त्या पठ्ठ्याला बरोबर ठाऊक. घरी यायचा, पाया पडायचा आणि चहा होईतो कागद पुढं करायचा. आप्पा सही ठोकायचे. आमच्याकडे सोयऱ्याचा कागद त्याच्यादेखत वाचणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. कादंबरीची ओळ न् ओळ वाचणाऱ्या माणसानं नेमकं तेवढंच वाचलं नाही.

कंपनी बुडाली, लोकांचे पैसे घेऊन सोयरा परागंदा झाला आणि फसवणुकीच्या खटल्यात आप्पा आरोपी झाले. जामीन मिळाल्यावर मी त्यांना सांगलीला माझ्या घरी आणलं. वकील पुन्हा पुन्हा एकच सांगायचे, "कोर्टात खरं ते सांगा. न वाचता सह्या केल्या म्हणा. सुटायची वाट तेवढीच आहे." आप्पा नुसती मान डोलवायचे.

आमच्या वाचनालयात दर महिन्याला वाचक जमतात आणि एका पुस्तकावर बोलतात. खोलीत कोंडून घेतलेल्या आप्पांना मी तिथं नेऊ लागले. खटल्याचं तिथं कुणाला माहीत नव्हतं. निम्मं पुस्तक व्हायच्या आत आप्पा चोर ओळखायचे, त्यामुळे मंडळी त्यांचं मत मुद्दाम विचारायची. पुष्कळ दिवसांनी मला ते हसताना दिसले. खरं सांगते, मला तेव्हा खटल्याची भीतीसुद्धा वाटेनाशी झाली होती.

सुनावणीच्या आदल्या रविवारी चर्चेला जी कादंबरी होती, तिच्यात एक म्हातारा डायरेक्टर न वाचता सह्या करतो.

"लेखक इथं घसरलाय," एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले. "एवढा खुळा माणूस असतो होय? आमच्या बँकेत अंगठेबहाद्दरसुद्धा आधी वाचून दाखवा म्हणायचे!"

सगळे खो खो हसले. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "मला तर तो भामटाच आवडला. काय डोकं! म्हाताऱ्याची मात्र कीव येते."

मग कुणीतरी म्हणालं, "सुभेदार, तुमचं काय मत?"

आप्पा थोडा वेळ हातातल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पुसत राहिले. "बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. "असा मानूस नसतोय. त्येला समदं ठावं असनार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असा माणूस असतो, तुमच्या शेजारीच बसलाय, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण आप्पांनी माझा हात दाबून धरला होता.

घरी जाताना मी विचारलं, "आप्पा, असं का हो बोललात?"

ते म्हणाले, "चोराला लोक शिव्या देत्यात गं. पर हसत न्हाईत."

मी म्हटलं, कोर्टात कुणी हसत नाही. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

सुनावणीला मी मागच्या बाकावर बसले होते. न्यायाधीशांनी आप्पांना कागद दाखवले. सह्या तुमच्याच ना? सही करण्याआधी हे वाचलं होतं का? वकिलांनी हळूच नकारार्थी मान हलवली. मी पदर तोंडाशी धरला.

आप्पा ताठ उभे राहिले, अगदी साहेबासमोर उभं राहावं तसे, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "व्हय साहेब. समदं वाचलं हुतं."